लाल दिसला म्हणून नाव देऊ नका: नागपूरच्या आसपासचे चार ट्रायथेमिस चतुर ओळखायला शिका

पाऊस लागला की अंबाझरी, फुटाळा, गोरेवाडा, सोनेगाव, कोणत्याही तलावाच्या काठानं चालत जा, बेशरमाच्या काड्यांवर लाल चतुर, म्हणजे ड्रॅगनफ्लाय, बसलेले दिसतातच. मग त्याचा फोटो ग्रुपवर येतो, "भाऊ, कोणता आहे हा?" आणि खाली तिघं जण तीन नावं टाकतात, कारण तिघांनीही बघितलेलं असतं एकच, रंग. आता आपल्याकडं लाल म्हणावेत असे चतुरच निदान पाच जातींचे आहेत, त्यात नर वेगळा, मादी वेगळी, नुकता मोठा झालेला नर मादीसारखा पिवळा, म्हणजे रंगावरून सुरुवात केली की नवा माणूस पहिल्याच आठवड्यात वैतागतो आणि सोडून देतो.

म्हणून नव्यानं येणाऱ्या प्रत्येकाला मी एकच सांगतो, सगळे चतुर एकदम शिकायला जाऊ नका, एक छोटा गट धरा आणि तो पक्का करा. भारतात चतुर आणि टाचण्या (त्यांचे बारीक अंगाचे भाऊबंद, डॅमसेलफ्लाय) मिळून पाचशेच्या आसपास जाती आहेत, त्या यादीकडं बघूनच घाम फुटतो. ट्रायथेमिस या वंशात मात्र आपल्या कामाच्या जाती चारच. ऑरोरा, किर्बाय, पॅलिडिनर्व्हिस आणि फेस्टिव्हा. आणि या चौघांची मजा अशी की प्रत्येक जण तुम्हाला चतुराचा एक वेगळा भाग बघायला शिकवतो, एक शिरा बघायला लावतो, एक पंखाचं मूळ, एक पाय आणि एक बसायची जागा. हे चार भाग बघायची डोळ्याला सवय लागली की पुढचा कोणताही गट सोपा जातो, हे मी अगदी खात्रीनं सांगतो.

आधी चतुर की टाचणी ते ठरवा

हे पटकन होतं. बसल्यावर पंख पाठीवर मिटून घेतले, अंग काडीसारखं बारीक, डोळे डोक्याच्या दोन टोकांना लांब लांब, तर ती टाचणी. पंख बाजूला पसरलेले, अंग जाड, डोळे मोठ्ठे, तर चतुर. पंख अर्धवट उघडे ठेवून बसणाऱ्या टाचण्या पण असतात, तेव्हा शंका आली की डोळे बघा, दोन डोळ्यांमध्ये डोक्याचा अख्खा आडवा भाग मोकळा दिसला की टाचणी.

आता चतुरांमध्ये आपल्याला हवं ते कुटुंब लिबेल्युलिडी, म्हणजे तलावावर दिसणाऱ्यांपैकी बहुसंख्य. यांचे दोन्ही डोळे डोक्यावर एकमेकांना चिकटलेले असतात. काडीच्या टोकावर बसलेला मोठा काळा-पिवळा चतुर, ज्याचे डोळे मध्ये जागा सोडून वेगवेगळे आहेत, तो गॉम्फिडी कुटुंबातला, आपल्या तलावांवर इक्टिनोगोम्फस रॅपॅक्स हा त्यातला नेहमीचा. फांदीला उभा लोंबकळणारा भला मोठा असेल तर बहुतेक एश्निडी. आणि पावसाळ्यात मैदानावर, रस्त्यावर, शाळेच्या ग्राउंडवर थव्यानं घिरट्या घालणारे, बसायचं नावच न घेणारे पिवळट चतुर असतात ना, ते पॅन्टाला फ्लॅव्हेसेन्स. लिबेल्युलिडीच, पण आपला गट नाही. जाता जाता सांगतो, हाच चतुर भारतातून मालदीवमार्गे समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातो असं जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडलं, तेव्हा तुमच्या ग्राउंडवरच्या त्या थव्याकडं जरा आदरानं बघा.

कधी जायचं, काय न्यायचं

सगळ्यात चांगला काळ जुलै ते नोव्हेंबर. वेळ सकाळी नऊ ते बारा. पक्ष्यांसारखं पहाटे उठून जायची गरज नाही, चतुरांना अंग तापल्याशिवाय नीट उडता येत नाही, ढगाळ दिवशी तर ते गवतात दडून बसतात आणि तुम्ही रिकाम्या हातानं परत येता. ऑक्टोबरची ऊन पडलेली सकाळ सगळ्यात भारी, पाणी भरलेलं असतं, रस्ते कोरडे असतात आणि चौघांपैकी तीन तरी दिसायची आशा असते.

कॅमेरा असलाच पाहिजे असं काही नाही. दुर्बीण असेल तर ती जवळचं दाखवणारी हवी, दोन मीटरवरचं ज्यातून स्पष्ट दिसतं अशी, पक्ष्यांसाठीच्या बऱ्याच दुर्बिणी एवढ्या जवळ फोकस करत नाहीत. मोबाईल असेल तर झूम करण्यापेक्षा जवळ जाणं शिका. चतुर उडाला तरी हलू नका, बहुतेक वेळा तो त्याच काडीवर परत येऊन बसतो, हीच त्याची सवय आपल्या कामाची. तो उडाला की दोन पावलं पुढं सरकायचं, तो परत बसला की थांबायचं, परत उडाला की परत दोन पावलं. आपली सावली त्याच्यावर पडू देऊ नका, सावली पडली की गेलाच. जाळी घेऊन पकडायच्या भानगडीत पडू नका, या चार जाती ओळखायला पकडावं लागतच नाही, आणि जंगलाच्या हद्दीत परवानगीशिवाय काहीही पकडता येत नाही. फुटाळ्याच्या किंवा कोणत्याही तलावाच्या शेवाळलेल्या दगडांवर चपला घालून उतरू नका, गवतात काठी आपटत चाला, पावसाळ्यात साप असतात.

शरीराचे पाच भाग, याच क्रमानं बघा

पहिलं, बसणं. ट्रायथेमिसला इंग्रजीत ड्रॉपविंग म्हणतात, उडून आला की पंख आडवे ठेवून बसतो, मग एक झटका, पंख थोडे पुढं, अजून एक झटका, अजून पुढं आणि खाली, असं करत करत पंख डोक्याच्या पुढं खाली पाडून टाकतो. हे एकदा जवळून बघाच. पंख खाली पाडून बसणारे दुसरेही काही चतुर आहेत, तेव्हा नुसत्या यावर नाव ठरवू नका, पण लांबून "हा बघण्यासारखा आहे" एवढं यावरून नक्की कळतं. दुपारच्या उन्हात हेच महाशय शेपटी, म्हणजे लांबट पोट, सरळ वर सूर्याकडं करून उभे राहतात, त्याला ओबेलिस्क पोझ म्हणतात. तसं केलं की अंगाचा कमीत कमी भाग उन्हात येतो आणि अंग तापत नाही. आपल्या नागपूरच्या उन्हात हे काहून करतात ते वेगळं सांगायला नको.

दुसरं, पाय. रंग काय, काळे की लाल की पिवळे पट्टे, आणि लांबी किती. नवे लोक पाय बघतच नाहीत, आणि अर्धा गोंधळ तिथंच सुटणार असतो.

तिसरं, पंखाचं मूळ, म्हणजे पंख छातीला जिथं जोडला जातो तो भाग. तिथं नारिंगी, तपकिरी, काळा डाग आहे का, केवढा आहे, मागच्या पंखात कुठपर्यंत गेलाय. पंखाच्या पुढच्या कडेला मधोमध एक खाच दिसते, तिला नोड म्हणतात, डाग नोडच्या किती जवळ पोचतो हे माप म्हणून वापरा.

चौथं, शिरा आणि टोकाजवळचा ठिपका. पंखाच्या पुढच्या कडेला टोकाच्या जरा अलीकडं छोटा लांबट ठिपका असतो, टेरोस्टिग्मा. त्याचा रंग लिहून घ्या. शिरा काळ्या, लाल की पिवळ्या ते पण.

पाचवं, मग रंग. छाती आणि पोटाचा. हा शेवटीच.

आणि या सगळ्यासोबत नर की मादी ते ठरवायचं. नराच्या पोटाच्या दुसऱ्या खंडाखाली, म्हणजे छातीला लागून लगेच मागं, एक फुगवटा असतो, बाजूनं फोटो घेतला की स्वच्छ दिसतो. मादीला तो नसतो. रंगावरून नर-मादी ठरवू नका, कारण कोवळा नर मादीसारखाच पिवळा असतो, त्याला पूर्ण रंग चढायला काही दिवस जातात. पिवळा चतुर पण पोटाखाली फुगवटा, म्हणजे कोवळा नर.

एक: ट्रायथेमिस ऑरोरा, क्रिमसन मार्श ग्लायडर

सुरुवात याच्यापासून करा, हा सगळ्यात सहज भेटतो. पाणवनस्पती असलेला कोणताही तलाव, डबकं, धानाच्या बांधीजवळचं पाणी, आणि वर्षाचे बहुतेक महिने. १८३९ मध्ये कीटकतज्ज्ञ बर्माइस्टर यांनी याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. भारतीय उपखंडापासून दक्षिणपूर्व आशियापर्यंत आणि पार जपानपर्यंत याचा पसारा आहे.

पूर्ण वाढलेला नर म्हणजे जांभळट गुलाबी लाल. नुसता लाल नाही, त्याच्यावर जांभळी झाक असते, सकाळच्या तिरप्या उन्हात बघितलं तर लिंबाचं लोणचं आणि गुलाल यांच्यात जेवढा फरक तेवढा फरक याच्यात आणि साध्या लाल चतुरात दिसतो. पण मी आधीच म्हटलं, रंग शेवटी. याची खरी खूण शिरा. पंख पारदर्शक आणि पंखभर लाल शिरांचं जाळं, जवळून बघितलं की पंख लाल धाग्यांनी विणल्यासारखा दिसतो. पंखाच्या मुळाशी रुंद पिवळट नारिंगी डाग असतो, पण तो मुळाजवळच राहतो. पाय काळे. पोटाचा बुडखा, म्हणजे छातीजवळचा भाग, थोडा फुगलेला. कपाळाचा वरचा भाग चकाकणारा जांभळा, हे समोरून फोटो मिळाला तरच दिसतं.

मादी बघितली की वाटतं ही दुसरीच कोणतीतरी जात. छाती पिवळट हिरवी, बाजूला काळे पट्टे, पोट लालसर तपकिरी आणि त्यावर मधून आणि बाजूनं काळ्या रेषा, शेवटच्या खंडांवर काळ्या रंगात अडकलेला लालसर तपकिरी ठिपका. शिरा पिवळ्या ते तपकिरी, पंखाची टोकं तपकिरी. पाय काळपट आणि त्यांच्यावर बारीक पिवळी रेघ. मादी पाण्यावर फार वेळ नसते, काठापासून आत झुडपांत शोधा, अंडी घालायला येते तेव्हाच पाण्यावर येते आणि शेपटीचं टोक पाण्यात टेकवत टेकवत जाते.

काठाला बेशरम, पाणकणीस, कमळ असं काहीतरी उभं असेल तिथं नर एकेक काडी धरून बसतात आणि दुसरा नर आला की हाकलतात. एका काडीसमोर शांतपणे बसून राहिलात तर अर्ध्या तासात बसणं, पंख पाडणं, हाकलणं, ओबेलिस्क सगळं बघून होतं. तलावाला चक्कर मारण्यापेक्षा हे जास्त शिकवतं.

दोन: ट्रायथेमिस किर्बाय, स्कार्लेट रॉक ग्लायडर

हा पण लाल, पण याला झुडूप नको, याला दगड पाहिजे. उघडा, तापलेला, सपाट दगड, किंवा सिमेंटची भिंत, धरणाच्या भिंतीचं पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेले दगड, कालव्याची कड. नागपूरच्या पश्चिमेकडं बेसाल्टचा काळा दगड आहे, सेमिनरी हिल्स, गोरेवाड्याच्या बाजूचा माळ, पाऊस संपल्यावर खडकाच्या खळग्यांत साचलेलं पाणी, अशा जागा शोधा. काळ्या दगडावर हा लाल असा उठून दिसतो की पन्नास पावलांवरून कळतो.

खूण, पंखाचं मूळ. मोठा नारिंगी-पिवळा डाग, चारही पंखांवर, आणि मागच्या पंखात तर नोडच्या दिशेनं बराच आत गेलेला. ऑरोराचा डाग मुळाशी बसलेला असतो, याचा पसरलेला. उडताना सुद्धा पंखाचा आतला भाग नारिंगी चमकतो. टेरोस्टिग्मा काळपट. अंग शेंदरी लाल, जांभळी झाक अजिबात नाही. मादी पिवळट, बाजूला काळ्या तुटक रेषा, तिचा नारिंगी डाग छोटा आणि फिका, पण बसायची जागा तीच, दगड.

किर्बाय हे नाव ब्रिटिश म्युझियममधले कीटकतज्ज्ञ विल्यम किर्बी यांच्यावरून सेलिस यांनी १८९१ मध्ये दिलं, आणि गंमत म्हणजे त्याच किर्बींनी दोन वर्षं आधी, १८८९ मध्ये, आपल्या यादीतल्या पॅलिडिनर्व्हिसचं वर्णन केलं होतं. हा किर्बाय आफ्रिकेतही भरपूर आहे, खरं तर ट्रायथेमिस वंशातल्या चाळीसपेक्षा जास्त जातींपैकी बहुतेक आफ्रिकेतल्याच. तो आता उत्तरेकडं पण सरकतोय, स्पेनच्या मुख्य भूमीवर त्याची पहिली नोंद २००७ ची. उष्णता आणि उघडा दगड, या दोन गोष्टी मिळाल्या की तो जातो.

इथं एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. तलावाच्या काठाला सुशोभीकरण म्हणून दगड आणि सिमेंट लागतं, काठची झाडी साफ होते, तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की लाल चतुर तर अजून आहेतच की, काय फरक पडला. फरक पडतो. ऑरोराला काठाच्या वनस्पती लागतात, किर्बायला सिमेंट चालतं. दोन्ही लाल, म्हणून ज्याला ओळखता येत नाही त्याला बदल दिसतच नाही. ज्याला ओळखता येतं त्याच्या वहीत तो बदल उतरतो. म्हणून तुमच्या घराजवळच्या तलावाची नोंद ठेवा, काठ बदलायच्या आधीची आणि नंतरची.

तीन: ट्रायथेमिस पॅलिडिनर्व्हिस, लाँग-लेग्ड मार्श ग्लायडर

याला लाल समजायची चूक कोणी करत नाही, पण याचा फोटो "कोणतीतरी मादी असेल" म्हणून बाजूला पडतो. हा बारीक अंगाचा, पिवळा-काळा, आणि उंच टोकावर बसणारा. काडीचं टोक, गवताच्या कणसाचं टोक, तारेचं टोक, जितकं उंच तितकं बरं. वारा आला की काडीसोबत डोलत राहतो आणि पंख पुढं घेऊन तोल सांभाळतो. पाण्यापासून बराच लांब, पडीक वावरात, धुऱ्यावरच्या झुडपांवर सुद्धा भेटतो, म्हणून काठावरच शोधत बसू नका.

खूण, पाय. अंगाच्या मानानं लांबच लांब पाय, कोळ्यासारखे, काळे आणि त्यावर पिवळ्या रेघा. बाजूनं बघितलं तर अंग काडीपासून चांगलंच वर उचललेलं दिसतं. दुसरी खूण टेरोस्टिग्मा, काळा, आणि त्याच्या दोन्ही टोकांना दुधी पांढरा रंग. हा पांढरा फोटोत झूम करून बघा, तो दिसला की विषय संपला. पोट पिवळं, मधून काळी रेघ, बाजूनं काळ्या रेघा, आणि मागं जाता जाता त्या रेघा एकमेकींत मिसळतात. नराचं कपाळ वरून चकाकणारं जांभळं, मादीचा चेहरा पिवळा. बाकी नर-मादी दिसायला बरेच जवळ, म्हणून इथं पोटाखालचा फुगवटा बघणं आलंच.

ऑरोराच्या मादीशी याचा गोंधळ होतो, दोन्ही पिवळे-काळे. मादी ऑरोराचे पाय नेहमीच्या लांबीचे, पंखाची टोकं तपकिरी, टेरोस्टिग्मा सगळा गडद तपकिरी. पॅलिडिनर्व्हिसचे पाय लांब आणि टेरोस्टिग्म्याला पांढरी टोकं. बस.

चार: ट्रायथेमिस फेस्टिव्हा, ब्लॅक स्ट्रीम ग्लायडर

हा चौथा शहरात सहज भेटणार नाही, कारण याला वाहतं पाणी हवं. तलावावर तासन्‌तास बसून उपयोग नाही. पावसाळ्यानंतर वाहत राहिलेले ओढे, दगड-गोटे असलेले नाले, पेंचच्या बाजूचं पाणी, कालव्यातलं स्वच्छ वाहतं पाणी, तिथं प्रवाहाच्या मधल्या दगडावर बसलेला काळा-निळा चतुर दिसला की थांबा. रामटेक, पेंचकडं सहलीला जाताना रस्त्यात पूल लागला की पाच मिनिटं खाली डोकावायची सवय लावून घ्या.

नर लांबून काळा वाटतो. जवळून छाती आणि पोटाचा सुरुवातीचा भाग गडद निळा-जांभळा, जणू राख फासलेली, त्यानंतरचं पोट काळं, कधी त्यावर मधून बारीक पिवळे ठिपके. मागच्या पंखाच्या मुळाशी गडद तपकिरी डाग. मादीची छाती हिरवट पिवळी आणि बाजूला उलट्या वायसारखी काळी खूण, पंखाची टोकं तपकिरी. ती वायची खूण फोटोत मिळाली तर मादी पण ओळखता येते. रॅम्बूर यांनी १८४२ मध्ये याचं वर्णन केलं.

नाग नदीला वाहतं पाणी आहे, मग तिथं काहून नाही असं कोणी विचारलं तर पाणी बघा म्हणावं. नाग नदीच्या काठावर शहरात तुम्हाला जो ढिगानं दिसतो तो ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा, डिच ज्वेल, घाण पाण्यात सुद्धा ज्याचं भागतं. कोणता चतुर कुठं बसलाय यावरून पाण्याचा अंदाज येतो, म्हणून तर हे सगळं शिकायचं.

हे बघून फसू नका

क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, रडी मार्श स्किमर. नागपुरात लाल चतुर म्हणून जेवढे फोटो येतात त्यातले भरपूर याचेच. रक्तासारखा लाल, पोट थोडं चपटं, पाठीवरून पोटाच्या मधोमध एक बारीक काळी रेघ. पण पाय बघा, पाय लाल. ऑरोराचे काळे. टेरोस्टिग्मा पण पिवळट लालसर. पायावर नजर गेली की हा गोंधळ कायमचा संपतो.

ऑर्थेट्रम प्रुइनोसम, क्रिमसन-टेल्ड मार्श हॉक. इथं पायाची युक्ती चालत नाही, याचे पाय पण काळे. पोट जांभळट लाल, म्हणून ऑरोरा समजून बसतात. हा आकारानं मोठा आणि दणकट, छाती निळसर राखाडी, डोळे काळपट निळे, आणि पंखाच्या शिरा लाल नाहीत. फोटो फार चांगला असेल तर अजून एक पक्की गोष्ट आहे: पुढच्या पंखाच्या पुढच्या कडेला, मुळापासून नोडपर्यंत, आडव्या शिरा मोजत या. नोडच्या आधीची शेवटची आडवी शीर ट्रायथेमिसमध्ये अर्ध्यावर संपते, ऑर्थेट्रममध्ये ती पूर्ण जाते. ऐकायला किचकट वाटतं, पण एकदा दोन फोटो शेजारी ठेवून बघितलं की डोळ्यात बसतं, आणि रंग उडालेला म्हातारा चतुर असला तरी ही खूण बदलत नाही.

युरोथेमिस सिग्नाटा पण लाल, पण मागच्या पंखाच्या मुळाशी ठळक गडद तपकिरी ठिपका असतो, नारिंगी नाही. डिच ज्वेल आणि किर्बाय दोघांचे पंख नारिंगी, म्हणून तिथं पण लोक अडकतात. डिच ज्वेलचा नारिंगी रंग पंखात खूप बाहेरपर्यंत, जवळपास टेरोस्टिग्म्यापर्यंत जातो, टेरोस्टिग्मा लालसर असतो, आणि तो पाण्याजवळच्या गवतावर, जलपर्णीवर खाली खाली बसतो, तापलेल्या दगडावर नाही.

भिंतीवर बसलेला दगडी रंगाचा चतुर म्हणजे ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा, किर्बायची मादी नाही. गच्चीवरच्या टाक्या, घरामागचे सिमेंटचे हौद असतात तिथं हा असतोच, इतका दगडासारखा की उडाल्यावरच कळतं. फेस्टिव्हाच्या बाबतीत डिप्लाकोडिस लेफेब्रीमुळं गडबड होते, तो पण काळा, पण छोटा आणि जमिनीजवळ गवतात बसणारा. आणि आख्खंच्या आख्खं पोट निळं असेल तर तो फेस्टिव्हा नाही, कोणतातरी निळा ऑर्थेट्रम आहे, फेस्टिव्हाचं मागचं पोट काळंच.

फोटो कसे घ्यायचे आणि काय लिहून ठेवायचं

सगळे जण वरून घेतलेला एक सुंदर फोटो आणतात आणि त्यात पाय दिसत नाहीत. सुंदर नंतर, आधी कामाचे. पहिला फोटो लांबूनच घ्या, पुरावा म्हणून, उडून गेला तर काहीतरी हातात राहतं. मग अगदी बाजूनं, चतुराच्या पातळीला खाली बसून, यात पाय, छातीवरचे पट्टे आणि पोटाखालचा फुगवटा एकाच फोटोत येतो, हा सगळ्यात महत्त्वाचा. मग वरून, पंख पूर्ण दिसतील असा, त्यात मूळ, शिरा, टेरोस्टिग्मा. जमलं तर समोरून, चेहऱ्याचा.

वहीत किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये तारीख, जागा, वेळ, पाणी कसं होतं, साचलेलं की वाहतं, कशावर बसला होता, दगड, काडीचं टोक, झुडूप, आणि नर की मादी. कशावर बसला होता हे लिहायला लोक विसरतात आणि ट्रायथेमिसमध्ये तेच सगळ्यात जास्त सांगून जातं.

घरी येऊन आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, टाका. फोटो, तारीख आणि जागा असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशपेक्षा जास्त लोकांचं जातीवर एकमत झालं, निदान दोघांचं तरी, की ती नोंद रिसर्च ग्रेड होते, म्हणजे पुढं अभ्यासकांना वापरता येते. विदर्भातल्या छोट्या तलावांच्या, गावाबाहेरच्या बोड्यांच्या नोंदी मोठ्या अभयारण्यांच्या मानानं खूप कमी येतात, तेव्हा तुमच्या गावच्या बोडीवरचा साधा ऑरोरा पण टाका, तो साधा आहे म्हणून सोडू नका.

कोवळी मादी असेल, शिरा फिक्या, टेरोस्टिग्म्याला अजून रंग नाही, छातीवरचे पट्टे धूसर, तर जातीचं नाव जबरदस्तीनं लावू नका, नुसतं ट्रायथेमिस लिहा, चालतं. एका चतुराचे सगळे फोटो एकाच नोंदीत टाका, आणि त्यात पंखाच्या मुळाचा क्रॉप केलेला क्लोजअप जोडायला विसरू नका, मदत करणारे खाली कमेंटमध्ये बहुतेक वेळा तोच मागतात.